पाणी कमी, टॉवेल जास्त: सोलापुरात कॉलेजच्या पोरांनी गाड्या धुवून पैसे कसे जमवायचे

पहिल्या वर्षी आमची २००० लिटरची टाकी सकाळी साडेनऊलाच कोरडी पडली. तोवर ११ गाड्या झाल्या होत्या, नऊ रांगेत उभ्या, एका गाडीला अर्धा साबण लावलेला, आणि बोअरच्या मोटरच्या खोलीची चावी ज्या मामांकडं असते ते रविवारचे गावाकडं गेलेले. खो-खोच्या टीमला बाहेरगावी मॅचला जायचं होतं, प्रवासाचे पैसे जमवायचे म्हणून ग्राउंडवर हा सगळा घाट घातलेला, आणि शेवटी ती साबणाची गाडी आम्ही पिण्याच्या पाण्याचे दोन जार विकत आणून धुतली. वीस-वीस लिटरचे. मालक गाडीत बसून बघत होते, काही बोलले नाहीत, पण चेहरा आठवतो अजून.

दुसऱ्या वर्षी तीच टाकी, तेच ग्राउंड, ४० गाड्या आणि ३० टू-व्हीलर झाल्या आणि तरी खाली वीतभर पाणी शिल्लक होतं. मधल्या वर्षात आम्ही काय शिकलो ते लिहितोय, कारण दर वर्षी दसरा जवळ आला की ज्युनिअर पोरांचे फोन येतात, दादा काय काय सामान लागतं, आणि मी दर वेळी तेच तेच सांगतो.

तर पहिली गोष्ट, पाइप बंद. नळीच लावायची नाही. साध्या पाइपातून मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी जातं आणि पोरं एक गाडी दहा मिनिटं तरी भिजवत बसतात, त्यात कुणीतरी कुणाच्या अंगावर उडवतंच, म्हणजे गाडीमागं दीडशे-दोनशे लिटर गेलं. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, घरात आई टिपं, घागरी, कळशा सगळं भरून ठेवते, आणि आपण ग्राउंडवर पाट सोडतो हे लोकांनाही बरं दिसत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी शेजारच्या एका काकूंनी येऊन सरळ विचारलं, "काय रे, आमच्याकडं प्यायला नाही आणि तुम्ही चाकं धुताय होय?" उत्तर नव्हतं आमच्याकडं.

पाणी सोलापुरात कमी आहे, पण टॉवेल लै आहेत. अख्ख्या देशात आपले टॉवेल जातात, चादरीसारखंच टेरी टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, आणि वर्गात एक तरी पोरगा असतोच ज्याच्या घरी माग आहे किंवा ज्याचा मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला आहे. त्याला कामाला लावा. फॉल्टी पीस, म्हणजे ज्यात एखादा धागा सुटलाय, प्रिंट हललीय, काठ वाकडा गेलाय, असला माल किलोवर मिळतो. आम्ही ६० नग घेतले. जिथं इतर गावची पोरं भसाभस पाणी ओतून घाण काढतात तिथं आपण थोड्या पाण्यात आणि भरपूर कापडांत काढायची, एवढंच गणित आहे.

पण नवा टॉवेल तसाच गाडीवर घेऊ नका. नव्या टॉवेलवर फिनिशिंगचं केमिकल असतं, तो पाणी पितच नाही, नुसता पुढं ढकलतो, आणि वरून सगळीकडं तुसं सोडतो. आधी दोन-तीन वेळा साध्या पावडरीत धुवून उन्हात वाळवा. कपडे मऊ करायचं ते वासाचं लिक्विड अजिबात घालायचं नाही, त्यानं परत पाणी शोषत नाही. लेबल कात्रीनं कापा. आणि टॉवेलचा जो विणलेला काठ असतो ना, कडक पट्टी, तिथं मऊ दोऱ्याचे फासे नसतात, नुसती वीण असते, तो काठ गाडीवर घासला की रेघ उठू शकते. त्यामुळं टॉवेल घडी घालताना काठ आत, फासे बाहेर. ही एक गोष्ट पोरांना आदल्या दिवशी हातात टॉवेल देऊन दाखवा, सांगून कळत नाही.

तारीख

खंडेनवमीच्या आधीचा रविवार. यावर मी वाद घालायला तयार आहे. दसऱ्याला आपल्याकडं गाडी धुवून हार घालून पूजा केल्याशिवाय कुणी राहत नाही, मागवाले मागाची करतात, रिक्षावाले रिक्षाची, आणि त्या आठवड्यात वॉशिंग सेंटरला ही रांग असते. लोकांना गाडी धुवायचीच आहे, तुम्ही फक्त जागा आणि हात द्यायचे. उन्हाळ्यात नको, एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर गेल्यावर पत्र्यावर साबण लावेपर्यंत वाळतो आणि पोरं चक्कर येऊन पडतात. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा चांगलं ऊन-थंडी असतं, पण त्या दिवसांत लोकांचं लक्ष यात्रेत आणि पोरांचंही. दसऱ्याला एकच भीती, परतीचा पाऊस. आपल्याकडं सप्टेंबरात बरा पडतो आणि कधी कधी दसऱ्यापर्यंत रेंगाळतो. म्हणून गाडी धुण्याची जी कुपनं आपण विकतो त्यांवर आधीच छापून टाका की पाऊस आला तर हेच कुपन खंडेनवमीच्या दिवशी सकाळी चालेल.

वेळ सकाळी सात ते बारा. त्यानंतर आलेल्याला हात जोडा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बॉनेट तापतं आणि मग पाण्याचे पांढरे ठिपके बसतात. जागा बिल्डिंगच्या पश्चिमेची निवडा, सकाळी सावली तिकडंच असते आणि साडेअकरापर्यंत टिकते. खाली पेव्हर ब्लॉक किंवा फरशी असली तर उत्तम, नुसत्या मुरमावर चिखल होतो आणि तो पोरांच्या चपलांतून परत गाडीच्या मॅटवर जातो. आणि पाण्याचा उतार बघून ठेवा. साबणाचं पाणी रस्त्याकडंच्या उघड्या गटारात सोडू नका, ते पुढं नाल्याला जातं. आम्ही मातीचा बांध घालून ते ग्राउंडच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत जिरवलं. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको, आणि मोटरच्या खोलीची चावी आदल्या दिवशीच खिशात.

कुठलं पाणी कशाला

इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. बोअरचं पाणी आपल्याकडं जड आहे, त्यातला क्षार गाडी वाळल्यावर काचेवर आणि काळ्या पत्र्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो, मग मालकाला वाटतं पोरांनी नीट धुतलीच नाही. त्यामुळं दोन पाणी ठेवायची. टाकीतलं बोअरचं पाणी पहिल्या भिजवणीला, चाकांना, मॅटला, बादल्यांना. आणि शेवटच्या धुण्याला नळाचं गोडं पाणी, ज्या दिवशी नळ येईल त्या दिवशी २०० लिटरचे तीन ड्रम झाकण लावून भरून ठेवायचे. रविवारच्या आधी नळाचा वार कोणता येतो ते बघा, नाहीतर शनिवारी रात्री पळापळ होते.

काही हुशार पोरं म्हणतात की घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी आणू. भावना चांगली आहे पण ते पाणी मूळच्या पाण्यापेक्षा जास्त खारट असतं, सगळा क्षार त्यातच सोडलेला असतो. चाकाला आणि मॅटला वापरा, काचेला नको. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी काचेला एक नंबर, त्यात क्षार जवळपास नसतो. आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या एसीखाली आम्ही आठवडाभर बादली ठेवली होती, शिपाईमामा हसायचे.

हिशोब असा. एका गाडीला भिजवणीला ४ लिटर, चाकांना ५, शॅम्पूची १० लिटरची बादली दोन गाड्यांत म्हणजे ५, हात खळबळायची बादली दोन गाड्यांनी बदलायची म्हणजे ८, आणि शेवटचं गोडं पाणी १२. झाले ३४, धरा ३५. चाळीस गाड्यांचे १४००. टू-व्हीलरला १० धरले तर तीसचे ३००. मधेमधे टॉवेल पिळायला, हातपाय धुवायला अजून ३००. सगळं मिळून २०००, त्यातलं गोडं पाणी गाड्यांचं ४८० आणि टू-व्हीलरचं ९० म्हणजे तीन ड्रममध्ये बसलं.

आता पाइप नाही तर भिजवायचं कशानं? फवारणीच्या पंपानं. पाठीवरचा १६ लिटरचा, शेतात मारतात तो. नोजल बारीक केलं की चार लिटरात अख्खी गाडी भिजते. पण कृपा करून कुणाच्या शेतातला वापरलेला पंप आणू नका, कितीही धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो आणि तो पोरांच्या हातावर, नाकात जातो. आमच्या बॅचमधल्या दोघांना घरी नवीन पंप घ्यायचेच होते, त्यांना सांगितलं दसऱ्याआधी घ्या, आधी आम्ही गाड्यांना वापरतो मग शेतात न्या. अजून दोन पंप दुकानदारानं ओळखीवर नवेकोरे दिले आणि नंतर तेही त्यांच्याच भावकीत विकले गेले. दोन पंप बोअरच्या पाण्याचे, दोन गोड्या पाण्याचे, वर पांढऱ्या टेपनं लिहून ठेवा, नाहीतर गडबडीत सगळं एक होतं.

बाकीचं सामान

चार टीम धरून सांगतो. बादल्या १६, म्हणजे टीमला चार, एक शॅम्पूची, एक खळबळायची, एक चाकांची, एक वापरलेले टॉवेल टाकायची. विकत घेऊ नका, प्रत्येकानं घरून एक आणायची आणि बुडावर मार्करनं नाव लिहायचं (आया बादलीवरून फार बोलतात). खळबळायच्या बादलीत तळाला प्लास्टिकची भाजी धुवायची जाळीची टोपली पालथी ठेवा, हाताचं कापड तिच्यावर घासलं की वाळू खाली पडते आणि परत वर येत नाही. गाड्यांच्या दुकानात यासाठी वेगळी जाळी मिळते, पण मंगळवार बाजारातली टोपली तेच काम करते.

शॅम्पू गाडीचाच घ्या. बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं ते बघा, आमच्या बाटलीला १० लिटरला ३० मिली होतं, म्हणजे वीस बादल्यांना ६०० मिली, टू-व्हीलरचं धरून एक लिटरची बाटली पुरली आणि उरली. भांड्याचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर स्वस्त पडते म्हणून लोक वापरतात, पहिल्या वर्षी आम्हीही पावडरच वापरली, पण ती तेलकटपणा काढायला बनवलेली असते, गाडीवरचं वॅक्सही काढून टाकते आणि थोड्या पाण्यात नीट निघतही नाही. म्हणजे पाणी वाचवायचं असेल तर पावडर महागच पडते.

मायक्रोफायबर ३० नग, गाडीला साबण लावायला आणि काचेला. चाकांना जुने ब्रश, कपड्याचे चालतात. टूथब्रश चार-पाच, लोगोच्या खाचेत आणि नंबरप्लेटच्या कडेला. रबरी हातमोजे ज्यांना हवे त्यांना, दुपारपर्यंत हात पांढरे पडून भेगा जातात. दोरी, तारेला लावायचे चिमटे, दोन टेबलं, वही, पाकीट, सुटे पैसे. फोन कुणाच्याही हातात नको, फक्त कुपनवाल्याकडं.

टॉवेलला रंग ठरवून द्या. आम्ही लाल-मरून सगळे चाकं आणि खालच्या पट्ट्याला, निळे वरच्या पत्र्याला, पांढरे काचेला. जो टॉवेल जमिनीवर पडला तो त्याच क्षणी चाकाच्या बादलीत, कितीही नवा असो. हा नियम आम्ही रक्त आटवून शिकलोय.

झालं असं. पहिल्या वर्षी, पाणी संपत आलंय हे दिसल्यावर आमच्यातल्या एकानं डोकं चालवलं की आधी कोरड्या फडक्यानं धूळ पुसून घेऊ म्हणजे पाणी कमी लागेल. गाडी होती एका सरांची, काळी, वर्षभराची. धूळ आपल्याकडची, रस्त्याची, त्यात बारीक खडी असतेच. आणि फडकं एकदा खाली मुरमावर पडलेलं, ते झटकून परत घेतलेलं. धुवून झाल्यावर सावलीत गाडी चकाचक दिसली, सरांनी २०० दिले, शाबासकी दिली. उन्हात नेली आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा, एक दोन नाही, अख्खं बॉनेट. सर "असू दे रे" म्हणाले, पण आम्हालाच राहवलं नाही, जमलेल्या पैशातले १२०० पॉलिशला गेले. कोरडी धूळ पुसायची नाही. कधीच. आधी भिजवायची, दोन-तीन मिनिटं मुरू द्यायची, मग हात लावायचा.

एक गाडी, सुरुवातीपासून

गाडी आली की मालकालाच सांगा ठरलेल्या जागी लावायला. पोरांनी गाडी हलवायची नाही, लायसन असलं तरी नाही. "काका, काचा वर घ्या, वायपर बंद, आणि पाकीट-मोबाइल काढून घ्या" एवढं म्हणायचं. मग मालकाच्या सोबत गाडीभोवती एक चक्कर मारून मोबाइलवर व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे त्यात येतात, नंतर भांडण नको. हे काम बोलक्या पोरीला किंवा पोराला द्या, आमच्याकडं एक होती, अण्णा-अक्का करत तेलुगूतून, कन्नडातून, हिंदीतून सगळ्यांशी बोलायची, तिच्यामुळं दहा तरी गाड्या जास्त आल्या असतील.

टीममध्ये पाच जण. एक पंपवाला, दोन साबणवाले, एक चाकवाला, एक पुसणारा. चाकवाला आधी सुरू करतो, कारण चाकाची घाण वर उडते, शेवटी केली तर धुतलेल्या दारावर शिंतोडे. गावाकडनं आलेली गाडी असली तर चाकावरच्या पत्र्याच्या आत काळ्या मातीचा चिखल सिमेंटसारखा बसलेला असतो, तो खरवडू नका, दोनदा पाणी मारून सोडून द्या, पाच मिनिटांत आपोआप ढेकळं पडतात.

तोवर पंपवाला टपापासून खाली भिजवत येतो. मग साबण, तोही वरून खाली, टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांची खालची पट्टी आणि बंपर. कापडाचे चार पदर करा, एक बाजू एका पत्र्याला, मग पलटी, चारही बाजू झाल्या की खळबळायच्या बादलीत जाळीवर घासून पिळून परत शॅम्पूत. गोल गोल फिरवायचं नाही, सरळ पुढं-मागं, जोर न लावता. पक्ष्याची घाण वाळून बसली असेल तर त्यावर ओला फडका पाच मिनिटं ठेवून द्या, नखानं काढू नका. डांबराचे थेंब असतील तर सोडून द्या आणि मालकाला सांगा की हे आमच्याच्यानं होणार नाही. रॉकेल-पेट्रोलचे प्रयोग दुसऱ्याच्या गाडीवर करू नयेत.

एका बाजूचा साबण वाळायला लागला तर थांबू नका, तेवढी बाजू आधी धुवून घ्या. शेवटचं गोडं पाणी नुसत्या पंपानं नाही, मगानं आणि पंपानं मिळून, आधी टपावर चार मग संथ ओतायचे, पाण्याचा पडदा खाली उतरतो आणि साबण घेऊन जातो, उरलेल्या कोपऱ्यांना पंप.

आणि आता टॉवेल. निळा मोठा टॉवेल पूर्ण उघडून ओल्या टपावर पसरायचा, दोघांनी दोन टोकं धरायची आणि सावकाश आपल्याकडं ओढायचा, चादर अंथरुणावरून ओढतो तसा. घासायचा नाही. एका ओढीत टपाचं सगळं पाणी टॉवेलमध्ये, मागं नुसती ओलसर झाक राहते ती दुसऱ्या कोरड्या टॉवेलनं. बॉनेट तसंच. दारांना टॉवेल नुसता टेकवायचा आणि उचलायचा. आरशांच्या आत आणि दाराच्या हँडलमध्ये पाणी दडून बसतं आणि मालक गाडी काढतो तेव्हा खाली ओघळतं, म्हणून दार एकदा उघडून कडा पुसा. काचेला पांढरा टॉवेल किंवा मायक्रोफायबर, एसीच्या पाण्यात किंचित ओला, लगेच कोरड्यानं. आतून काच पुसायला जुनं वर्तमानपत्र अजूनही चालतं.

ओला टॉवेल लगेच तारेवर. सोलापूरच्या उन्हात अर्ध्या-पाऊण तासात वाळतो आणि परत कामाला येतो, म्हणून ६० टॉवेल पुरतात. ग्राउंडच्या कुंपणावर टॉवेलच टॉवेल, लांबनं बघणाऱ्याला वाटायचं सेल लागलाय, दोघं जण खरंच भाव विचारायला आले.

इंजिनचं बॉनेट उघडायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आतमध्ये फक्त मॅट झटकून धुवायचे आणि डॅशबोर्ड पुसायचा, त्यावर चमकवायचं तेलकट लिक्विड नको, उन्हात काचेवर चकाकतं.

टू-व्हीलरसाठी वेगळी टीम, तीन जण पुरतात. आल्या आल्या सायलेन्सरला हात लावू नका आणि पाणीही मारू नका, दहा मिनिटं थंड होऊ द्या, आमच्या एकाच्या पोटरीला चटका बसलेला. सायलेन्सरच्या तोंडात, किल्लीच्या भोकात, मीटरवर सरळ धार नको. डिस्कब्रेकला साबणाचं किंवा तेलाचं कापड लागू द्यायचं नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगच्या झाकणाजवळ फक्त ओलं फडकं, पंप नको. धुतल्यावर चेन वाळवून तिला तेलाचे दोन-चार थेंब, आणि मालकाला सांगा की निघाल्यावर पहिल्यांदा हळू दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा, ओले असतात.

पैसे

रेट फळ्यावर लिहा, तोंडी नको. आमचा गाडीला १५० आणि टू-व्हीलरला ५० होता, मोठ्या गाडीला जास्त घ्यावे असं अर्ध्या टीमचं मत होतं पण मग प्रत्येकाशी घासाघीस होते, त्यामुळं एकच रेट आणि शेजारी एक डबा, ज्याला वर टाकायचे त्यानं टाकावे. डब्यात बरे पडले. कुपन आधी विका, त्यावर वेळ लिहून. एक गाडी सुरुवातीला अर्धा तास खाते, म्हणजे तासाला एका टीमच्या दोन, चार टीमच्या आठ, पाच तासांच्या ४०, त्यापेक्षा जास्त कुपनं विकायची नाहीत. चहाचा वेळ मात्र यात नाही. नाश्त्याला सुशीला, म्हणजे भिजवलेले फोडणीचे चुरमुरे, घरून करून आणलं होतं, ते एका हातानं खाता येतं.

क्यूआर कोड कुणा पोराच्या खात्याचा लावू नका, कितीही विश्वासू असला तरी. कॉलेजचं किंवा जबाबदार सरांचं खातं. रोख पैसे वहीत लिहून पाकिटात, संध्याकाळी दोघांनी मोजून दोघांच्या सह्या. आमचे ४० गाड्यांचे ६००० आणि टू-व्हीलरचे १५०० जमले, सामानाला २५५० गेले, त्यात टॉवेल ८०० चे आणि मायक्रोफायबर ९०० चे, बाकी शॅम्पू, ब्रश, दोरी. हातात ४९५० आणि डब्यातले वेगळे. पुढच्या वर्षीच्या पोरांना टॉवेल फुकट मिळाले, म्हणजे त्यांचं अजून वाचलं.

दसऱ्याच्या आसपास बाजूला झेंडूच्या हारांचं टेबल लावलं तर त्यातही सुटतात. फुलं आदल्या दिवशी आणा, नेमक्या सणाच्या दिवशी भाव कुठल्या कुठं जातो. फक्त एक, नुकत्या धुतलेल्या पांढऱ्या गाडीवर ओला हार आणि हळद-कुंकू तसंच ठेवलं तर डाग राहतो, तेव्हा हार देताना सांगून टाका की संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

बारा वाजता फळा पालथा करा. मग खरं काम. ड्रममधलं उरलेलं पाणी झाडांना, बादल्यांची नावं बघून परत, आणि टॉवेल रंगारंगानं वेगळे धुवायला, मायक्रोफायबर टॉवेलसोबत नाही, त्याला तुसं चिकटतात. धुवायला टाकायच्या आधी मोजा. आमचे ६० चे ५७ भरले. दोन जण म्हणाले वाऱ्यानं गेले असतील, ग्राउंडभर शोधलं. तीनही आमच्याच पोरांच्या गाड्यांच्या डिकीत निघाले, एकात तर उरलेलं सुशीला बांधलेलं होतं.